ओवळ्याला जायची दमणी

मी त्या वर्षी कोपरीच्या शाळेत मास्तर होतो आणि गोपीनाथाच्या पडवीत राहत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोळ झाला त्यात माझाही हात होता, आणि तो लपवण्याइतका निर्ढावलेला मी अजून झालेलो नाही. साल अठराशे ब्याऐंशी. शाळेत पोरे अकरा, त्यातली सहा मिठाच्या हंगामात गायब. तेव्हा मला वेळ भरपूर होता, आणि रिकामा मास्तर सल्ले फार देतो.

गोपीनाथ आगरी. ठाण्याच्या खाडीकाठी त्याचे मिठागर. अंगाने दांडगा, बोलायला मऊ. पण एखादी गोष्ट मनात आली की तिच्याभोवती इतक्या फेऱ्या मारायचा की शेवटी त्यालाच चक्कर यायची. त्याची बायको गोदा ओवळ्याची. ओवळे कोपरीहून चार-पाच कोस, घोडबंदरच्या रस्त्यावर. तिची आई आवडाबाई, हिने जन्मभर डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन ओवळ्याहून ठाण्याच्या बाजारापर्यंत पायपीट केली होती. गोदाच्या लग्नात सगळे विधी उरकले, आगऱ्यांत धवले गाऊन लग्न लावणारी जी धवलारीण असते तिचा आवाज बसला, पाठवणीची वेळ झाली, तेव्हा आवडाबाईने जावयाला बाजूला घेऊन एकच मागणे मागितले.

"माजे पोरीला गारीन बसवून माजे दाराशी आन. बाकी मना काय नको."

गोपीनाथाने शब्द दिला. त्याला चौदा वर्षे झाली. मधल्या काळात गोदा माहेरी गेली ती पायीच, कधी मिठाच्या बैलगाडीत पोत्यांवर बसून. ती गाडी आवडाबाईच्या हिशेबात धरली जात नव्हती. माणसाला बसण्यासाठी केलेली गाडी हवी. अखेर त्या वर्षी गोपीनाथाने कल्याणच्या सुताराकडून दमणी करून घेतली. हलकी, छपराची, आत गादी, दोन बैलांची. आणि ती रंगवायला दिली कल्याणच्याच रतन चिताऱ्याकडे.

रतनचा हात कसबी होता, हे मी रागावूनही कबूल करतो. लाल अंग, पिवळी वेल, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर एकेक हिरवा पोपट, चोचीत डाळिंबाचा दाणा. दिवाळीच्या आदल्या दिवशी दमणी दाराशी आली तेव्हा निम्मी कोपरी बघायला लोटली. गोदा नुसती उभी होती. मग तिने पदराच्या टोकाने पोपटाच्या पाठीवरची धूळ टिपली आणि ओवळ्याला कधी जायचे ते विचारले. गोपीनाथ म्हणाला, पाडव्याला.

इथपर्यंत सगळे सरळ होते. वाकडे झाले ते रतनच्या जाता जाता बोलण्याने. तो म्हणाला, तुमच्याकडे खारी हवा, रंगावर काहीतरी चढवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतील. त्याच्याकडे चंद्रुसाचे रोगण होते. चंद्रूस म्हणजे एक राळ, ती अळशीच्या तेलात शिजवायची. काचेसारखे चकाकते, पण सुकायला आठ-दहा दिवस कोरडी हवा हवी, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याला जरा पिवळेपणा येतो. गोपीनाथाने एवढेच ऐकले, पिवळेपणा येतो. म्हणजे हिरवा पोपट पिवळा होणार. त्याने रतनला थांबायला सांगितले. रतनला थांबणे शक्य नव्हते, टिटवाळ्याच्या गणपतीचा मंडप माघापर्यंत रंगवून द्यायचा होता. रोगणाची बरणी पडवीत ठेवून तो गेला. विचार करून ठेवा, म्हणाला.

हा विचार करून ठेवा म्हणणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही.

पाडवा गेला. गोपीनाथ विचार करत होता. त्याने धाकूला विचारले. धाकू त्याचा मावसभाऊ, होड्या बांधायचा. त्याच्या मते यात विचार करण्यासारखे काही नव्हतेच. खाडीच्या पाण्यात जन्म काढणाऱ्या होडीचे लाकूड कशाने टिकते? मुशी माशाच्या काळजाच्या तेलाने. जे खाऱ्या पाण्यात टिकते ते खाऱ्या हवेत टिकणार नाही का? गोपीनाथाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो की तर्क बिनतोड आहे. आजही तर्क म्हणून तो बिनतोडच आहे.

गोदा तेवढ्यात दाराशी येऊन उभी राहिली होती. तिने विचारले, "कशापासून जपाचा हाय?"

धाकू म्हणाला, खाऱ्यापासून. गोपीनाथ म्हणाला, उन्हापासून. मी म्हणालो, धूळ आणि ओल, दोहोंपासून. तिघे एकदमच बोललो. ती आत निघून गेली.

मुशीचे तेल लावले. सकाळी उठून पाहतो तो दमणीवर सात मांजरे. कोपरीत इतकी मांजरे आहेत हे मला ठाऊक नव्हते. एक पोपटाचे पोट चाटत होते, दोन छपरावर भांडत होती, आणि कुंपणावर कावळे रांगेने बसले होते. ते एक वेळ चालले असते. पण गोपीनाथाने बैल जुंपायला आणले, तर बैलांनी नाके फेंदारली आणि मागे सरू लागले. जू मानेवर घेईनात. मासळीच्या त्या वासाच्या गाडीत बसून माहेरी जायला गोदा तयार होती, तसे ती म्हणालीही. बैल तयार नव्हते. चार दिवस रिठ्याच्या कोमट पाण्याने आम्ही ती दमणी धूत बसलो, मी सुट्टीच्या दिवशी स्वतः धुतली, आणि वास गेला असे वाटायचे तोवर ऊन चढले की पुन्हा यायचा.

त्याच आठवड्यात गोदाचा भाऊ गणू ओवळ्याहून आला. आईचा निरोप होता, दमणी तयार झाली असे ऐकते, कधी येतेस. गणूने बसल्या बसल्या सांगितले की आईचे डोळे आता पार गेले, मोतीबिंदूने दिवस-रात्र सारखीच झाली. दिवसभर ओट्यावर बसते आणि रस्त्यावरून चाक वाजले की मान वर करते. हे मी ऐकले. गोपीनाथानेही ऐकले. दोघांच्या मधोमध चंद्रुसाची बरणी होती, आणि मला वाटते आम्ही दोघे त्या वेळी तिच्याकडेच बघत होतो.

गोपीनाथाने निरोप दिला की चार दिवसांत येतो.

त्या चार दिवसांत मी घोटाळ्यात भर घातली. मी मूळचा कल्याणचा. तिथे एक कातारी होता, पाळण्याचे आणि खाटेचे पाय कातून त्यांवर लाख चढवायचा. त्याने केलेल्या पाळण्यात मी वाढलो होतो आणि त्या पाळण्याचा लाल रंग माझ्या भाच्यांपर्यंत तसाच राहिला होता. मी गोपीनाथाला म्हणालो, लाख. वास नाही, पिवळेपणा नाही, घटकाभरात सुकते. मी आगगाडीने कल्याणला गेलो, त्या कातार्‍याला घेऊन आलो, आणि त्याने स्पिरिटात विरघळवलेली लाख फडक्याने अशी काही चढवली की पोपटाच्या डोळ्यात मला माझे तोंड दिसले. त्या दिवशी मी पडवीत एखाद्या सुभेदारासारखा येरझाऱ्या घालत होतो.

थंडीचे दिवस, खाडीकाठ, पहाटे दव. दुसऱ्या दिवशी सगळी दमणी पांढरट. लाखेला ओल लागली की ती दुधाळते, हे पाळणे घरात असल्यामुळे मला कधी कळायचे कारण नव्हते. पोपट धुक्यात गेल्यासारखे दिसत होते. कातारी म्हणाला, काही नाही, ऊब दिली की उतरते. शेगडी जवळ धरली. उतरले. दुसऱ्या पहाटे पुन्हा चढले. असे पाच दिवस. सहाव्या दिवशी त्याने स्पिरिटाने लाख पुसून काढली, आणि लाखेबरोबर एका पोपटाचा अर्धा पंख निघून आला.

गोपीनाथ अंगणात मटकन खाली बसला. मी त्याला धीर द्यायला हवा होता. मी उलट चिडलो आणि म्हणालो की रंगच कच्चा होता. रतन तिथे नव्हता, त्यामुळे त्याच्यावर ढकलणे सोपे होते.

मग गोपीनाथाने ऐकायचेच ठरवले. जो येईल त्याला तो विचारू लागला. मिठाचा व्यापारी म्हणाला, मेण घासा. देवळातला गुरव म्हणाला, तीळतेल. धाकू म्हणाला, मुशीचे तेलच बरोबर होते, बैल बदला. गोपीनाथ रोज उठून एक गोष्ट पक्की करायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत दुसरी. मी त्याच्यासाठी एका कागदावर सगळे मांडून दिले, कशाने काय होते आणि काय होत नाही. कागद वाचून झाल्यावर तो अधिकच गोंधळला, आणि खरे सांगायचे तर मीही. शेवटी त्याने जुन्या शिडाचे कापड शिवून दमणीला खोळ घातली. म्हणाला, ठरेपर्यंत निदान झाकून राहील. कोपरीच्या अंगणात ती खोळ घातलेली दमणी पाहून परगावचा माणूस आत काय आहे म्हणून विचारी, तेव्हा आम्ही खोळ काढून दाखवायचो आणि लगेच बांधायचो.

गणू दुसऱ्यांदा आला तो पौषात. आई ओट्यावर येत नाही, म्हणाला. आत खाटेवर असते. गोदाने त्याच दिवशी लुगडे बदलले, मीठ-भाकरी फडक्यात बांधली आणि भावाबरोबर पायी निघाली. गोपीनाथ वेशीपर्यंत मागे गेला. त्याचे म्हणणे, चौदा वर्षांनी शब्द पुरा करायची वेळ आली आणि आता तू पायी गेलीस तर मी तिला तोंड कसे दाखवू. आठ दिवस थांब. रतनला आणतो, पंख भरून घेतो, रोगण चढवतो, मग थेट तिच्या दाराशी. गोदा परत आली. तिने फडके सोडले आणि भाकरी बैलांना घातली. मी पडवीत होतो. मला तिथून उठावेसे वाटले आणि मी उठलो.

रतनला आणायला मी टिटवाळ्याला गेलो. मंडपाच्या परांचीवरून तो उतरायला तयार नव्हता, दोन दिवस मी तिथे प्रसाद खाऊन राहिलो. आला तेव्हा त्याने दमणी पाहिली, वास घेतला, मांजरांच्या नखांच्या रेघा पाहिल्या, आणि आम्हा दोघांकडे असे काही पाहिले की मी माझा तो कागद खिशातून बाहेर काढला नाही. पंख भरला. रंग सुकायला वेळ दिला. मग चंद्रुसाचे रोगण चढवले, ज्याची बरणी दिवाळीपासून पडवीत होती. दोन हात झाले, आणि तिसरा हात देऊन तो म्हणाला की आता आठ दिवस कोणी बोट लावायचे नाही.

तिसरा हात दिला त्याच दिवशी दुपारी गणू आला. या वेळी तो बसला नाही. आई दोन दिवस पेजेच्या पाण्यावर आहे, एवढेच त्याने सांगितले.

गोपीनाथाने रोगणाला नख लावून पाहिले, नख चिकटले. त्याने माझ्याकडे पाहिले. म्हणाला, मास्तर, दोन दिवसांत होईल का? मी, देवाशपथ सांगतो, आकाशाकडे पाहून वाऱ्याचा अंदाज घेऊ लागलो होतो.

गोदा अंगणात आली. तिच्या हातात जू होते.

"आयला दिसत नाय," ती म्हणाली. "तिला पोपट नाय बगाचं. तिला चाक आयकाचा हाय."

गोपीनाथ चिकटलेले नख धोतराला पुसत राहिला.

"तू जुंपतंस का मी जुंपू?"

मला त्या वेळी जी लाज वाटली ती आजही आठवली की कानशिले तापतात. आंधळ्या बाईसाठी गाडी, आणि अडीच महिने आम्ही तिच्या रंगाची काळजी वाहत होतो. माहीत नव्हते म्हणावे तर गणूने आमच्यासमोर सांगितले होते. कोणी फसवले नव्हते. दोन शहाणी माणसे, त्यांतला एक सरकारी मास्तर.

गोपीनाथाने बैल जुंपले. गोदा ओल्या रोगणाच्या कडेला धरून चढली, तिचा तळवा चिकटला, तो तिने सोडवला आणि गादीवर बसली. मी गणूबरोबर मागून चालत निघालो. मला कोणी बोलावले नव्हते, पण घरी बसवेना.

घोडबंदरचा रस्ता म्हणजे लाल मातीचा फुफाटा. समोरून गवताच्या गाड्या येत होत्या. माजिवडे ओलांडेपर्यंत दमणीवर धुळीचा थर बसला, पुढे गवताच्या काड्या चिकटल्या, कुठूनतरी रुईचा कापूस उडत आला तोही छपरावर बसला. लाल अंग दिसेना, वेल दिसेना. डाव्या बाजूच्या पोपटाची चोच तेवढी काही वेळ दिसत होती, मग तीही गेली. गोपीनाथाने एकदाही मान वळवून पाहिले नाही. तो बैलांना ओरडून हाकत होता, आणि त्याचा आवाज इतका चढू शकतो हे मला पहिल्यांदाच कळले.

ओवळ्याच्या वेशीत दमणी शिरली तेव्हा ऊन कलायला लागले होते. घरापाशी बायका जमल्या होत्या. ते पाहून गोपीनाथाचे हात कासऱ्यावर थांबले. पण आतून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. चाक कोणाचे म्हणून आवडाबाई विचारत होती.

गोदा उडी टाकून आत गेली. आई-लेकी आत काय बोलल्या ते मला माहीत नाही. थोड्या वेळाने गणू आणि दुसरा एक जण आवडाबाईला खाटेसकट उचलून बाहेर घेऊन आले, कारण ती ऐकेना. दमणीला लागूनच खाट ठेवायला लावली. तिने हात पुढे केला. त्या हातात मांस असे नव्हतेच. तिने आधी चाक चाचपले, आरा एकेक मोजावा तसा, मग कठडा, मग बाजूची फळी. तिथे बोटे थांबली.

"चिकाट कशी र गारी?"

गोपीनाथ तिच्या पायाशी उकिडवा बसला. रोगण ओले आहे, म्हणाला. मग त्याने तिला सगळी दमणी सांगितली. इथे लाल आहे, इथून वेल निघते, इथे पोपट आहे, हिरवा, चोचीत डाळिंबाचा दाणा आहे. फळीवर धुळीखेरीज काही दिसत नव्हते. पण त्याने तिचे बोट धरून धुळीवरून नेमके पोपटाच्या पाठीवरून फिरवले, मी शपथेवर सांगतो, जरा इकडे की तिकडे नाही. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले,

"कवाशी तयार हाय?"

माझ्या मनात आले, कालपासून म्हणावे. पटकन सुचले होते. गोपीनाथ म्हणाला, "दिवालीशी."

बोटांना लागलेली माती आवडाबाईने अंगठ्याने चोळून काढली.

"मंग कवाच आनाची व्हती ना. मी ओट्यावरच बसलेली."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. गोपीनाथाने तोंड फिरवले आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. गोदाने आईला खाटेवरून उचलले आणि दमणीत आपल्या मांडीवर घेतले. जन्मभर मीठ वाहिलेल्या त्या बाईने माणसाच्या गाडीत कधी पाय ठेवला नव्हता. गोपीनाथाने त्यांना ओवळ्याच्या वेशीपर्यंत नेले आणि परत आणले. मग आवडाबाई म्हणाली, आता पाठ दुखते, उतरवा.

चौथ्या दिवशी ती गेली.

माघात रतन आला. दमणी पाहून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, खरवडून पुन्हा करतो, पैसे नकोत. गोपीनाथाने त्याला जेवू घातले आणि परत पाठवले. खोळ फाडून त्याने मिठाच्या ढिगांवर घातली. आणि त्यानंतर ती दमणी अंगणात दिसली म्हणून कोणी सांगावे. कोणाची बाळंतीण माहेरी जायची आहे, कोणाच्या म्हाताऱ्याला ठाण्याच्या दवाखान्यात न्यायचे आहे, नुसते कानावर आले की हा बैल जुंपायचा. बोलावण्याची वाट पाहत नसे. एकदा एका बाईला तो अशा घाईने घेऊन गेला की तिचे बोचके माझ्या पडवीत राहिले. गोदा कधी कधी त्याला थांबवायची, जरा जेवून तरी जा म्हणायची. तो हातात भाकरी घेऊन निघायचा.

तीन वर्षांनी माझी बदली भिवंडीला झाली. मला ठाण्याच्या स्टेशनावर सोडायला तोच आला. रंग बहुतेक गेला होता, खाली करड्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या. मी उतरताना बाजूच्या फळीवर पोपट शोधला. एका पायाची नखे सापडली आणि डाळिंबाचा दाणा, बाकी काही नाही. मी गोपीनाथाला म्हणालो की निदान आता तरी अळशीचे तेल दे, लाकूड वाचेल. सवय जात नाही.

तो हसला आणि देतो म्हणाला. तेवढ्यात स्टेशनाच्या दाराशी एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन उभी असलेली त्याला दिसली. तिला कुठे जायचे आहे ते त्याने हाक मारून विचारले. बाळकुमला, ती म्हणाली. माझी ट्रंक अजून अर्धी दमणीत होती. ती त्याने ओढून माझ्या पायाशी ठेवली आणि बैल वळवले.